तार पुसायचं फडकं

आई रोज सकाळी कपडे वाळत घालायच्या आधी तार पुसते. ओलं फडकं मुठीत धरायचं, मुठीत तार, आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. परत येताना फडकं उलटं करून घ्यायचं. बादलीत पिळलं की पाणी पाटी पुसल्यासारखं करडं होतं. चंद्रपुरात वाढलेल्या कुणालाही यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. लग्न होऊन कल्याणला आले आणि पहिल्याच आठवड्यात गॅलरीतली दोरी पुसायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अगं कालच तर नवी बांधलीय, काय पुसतेस? तेव्हा कळलं की सगळीकडे लोक असं करत नाहीत.

गेल्या दिवाळीत आम्ही पहिल्यांदा आमची इलेक्ट्रिक गाडी घेऊन चंद्रपूरला गेलो. कल्याणहून आमण्याला समृद्धी धरायची, संभाजीनगरला मुक्काम, मग वर्ध्याजवळ खाली उतरून वरोरा, भद्रावती करत घर, साधारण आठशे किलोमीटर. रात्री उशिरा पोचलो, गाडी अंगणात तारेच्या खालीच लावली आणि झोपलो. सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. बाहेर येऊन बघते तर आई तार पुसून झाल्यावर त्याच फडक्याने गाडीचं बॉनेट पुसत होती. पांढऱ्या रंगावर तिच्या हाताचे गोल गोल पट्टे उठले होते, आणि मध्ये जिथे फडकं फिरलं नव्हतं तिथे एका रात्रीत बसलेला पातळ थर, बोट फिरवलं तर बोटाला लागणारा. मी म्हटलं, राहू दे ना आई, मी धुते नंतर. ती म्हणाली, "धुशील तेव्हा धुशील, दिवाळीच्या दिवशी अशी ठेवतात का?" मग पुसता पुसता विचारलं, "पेट्रोल नाही लागत म्हणते ना हिला?" मी म्हटलं नाही, लाइटवर चालते. "आणि धूर?" नाहीच, मागे नळीच नाही बघ. ती खरंच मागे गेली, कमरेवर हात ठेवून वाकली, बंपरखाली बघून आली. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि म्हणाली, "पण लाइट तं इथूनच जाते ना तुमच्याकडं. मंग धूर इकडंच निघत असन."

टोमणा नव्हता तो. हळद महाग झाली म्हणून सांगावं त्या आवाजात ती बोलली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी तिथेच उभी राहिले, आणि ते वाक्य आजही डोक्यातून जात नाहीये. कारण ते खरं आहे, आणि खरं असल्याचं मला गाडी घेताना माहीत होतं. माझे बाबा थर्मलला होते. कोळसा उतरवायच्या विभागात. थर्मल म्हणजे चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, आज २९२० मेगावॅटचं, पण घरात कधी कुणी इतकं लांब नाव घेतलं नाही, आणि २००५ साली वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तरी बाबा शेवटपर्यंत 'बोर्ड'च म्हणायचे. ड्यूटीवरून आले की आधी न्हाणीत, मग चहा. त्यांचा रुमाल आई वेगळ्या टबात भिजत घालायची. एकदा ते मला वॅगन टिपलर बघायला घेऊन गेले होते. कोळशाने भरलेला मालगाडीचा अख्खा डबा त्या यंत्रात जातो, चिमटल्यासारखा धरला जातो आणि सरळ उलटा होतो, आपण पिशवीतले दाणे डब्यात ओततो ना तसा. खाली गडगडाट, वर काळा ढग, आणि त्या ढगावर पाण्याचे फवारे. मी घाबरून बाबांचा हात घट्ट धरला होता आणि ते मात्र अगदी अभिमानाने बघत होते, जणू हे सगळं त्यांनीच बांधलंय.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली होती ती म्हणजे टॉवर ओळखायला. बसने कुठे जाताना खिडकीतून दाखवायचे. नेहमीच्या लाइनला तारा तीन किंवा सहा असतात, पण एक लाइन अशी आहे की तिच्या टॉवरला दोनच बाजूंना दोन जुडगे, बास. ती चंद्रपूरहून थेट पडघ्याला जाते, भिवंडी तालुक्यात. डीसी लाइन आहे, म्हणजे वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणून दोनच. ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॅट, १९९९ साली सुरू झाली. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते कारण बाबांना ते पाठ होते. "दोन तारांचा टॉवर दिसला की समजायचं, आपली लाइट मुंबईला चालली." माझ्या बालमनाला वाटायचं की कान देऊन ऐकलं तर ती जाताना ऐकू येईल. पुढे माझं लग्न कल्याणला झालं. पडघं माझ्या घरापासून वीसेक किलोमीटर. म्हणजे मी आणि ती लाइन एकाच गावाहून निघालो आणि जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबलो. मला याचं नेहमी बरं वाटायचं. एकटं वाटायचं सुरुवातीला, तेव्हा तर फारच.

त्या दिवाळीनंतर हीच गोष्ट बोचायला लागली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं विजेला पत्ता नसतो. दहा नळांचं पाणी एका टाकीत पडतं, आपण चमचाभर काढलं तर ते कुठल्या नळाचं हे विचारण्यात अर्थ नाही. ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरच्या विजेच्या तारांच्या जाळ्यात, कोयनेचं पाणी आहे, तारापूरची अणुवीज आहे, राजस्थानातलं ऊन आहे, साताऱ्याचा वारा आहे. तो बरोबर बोलतोय. पण देशातली साधारण पाऊण वीज अजून कोळशावरची आहे, आणि रात्री अकराला मी प्लग लावते तेव्हा ऊन कुठलं असायला.

मग एका रविवारी मी वही घेऊन बसले. हिशोब तसा आम्ही २०२३च्या दसऱ्याला गाडी घेतानाही केला होता पण तेव्हा फक्त पैशाचा. पेट्रोलवालीपेक्षा ही साडेचार लाखांनी महाग पडत होती, आणि ते सुद्धा रोड टॅक्स माफ होता म्हणून, नाहीतर फरक आणखी वाढला असता. आम्ही महिन्याला हजारेक किलोमीटर चालवतो. सोसायटीच्या सबमीटरवर युनिटला साडेआठ रुपये, शंभर किलोमीटरला पंधरा युनिट, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आसपास. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं आणि आमची जुनी गाडी गावात १४चं ॲव्हरेज द्यायची, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ साडेसात रुपये. वर्षाला ७४ हजार वाचतात. हायवेवरचं फास्ट चार्जिंग मात्र जीएसटी धरून युनिटला पंचवीसपर्यंत जातं, इन्शुरन्स थोडा जास्त, गाडी जड म्हणून टायर लवकर झिजतात, आणि विकायला काढली तर किती येतील हे शोरूमवालाही छातीठोक सांगत नाही. सगळं धरून साडेचार लाख फिटायला सहा ते सात वर्षं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची. म्हणजे मधे वर्ष-दोन वर्षांची फट आहे, त्या फटीत आमचा सगळा फायदा. माझ्या वहिनीने विचारलं होतं घेऊ का, तिची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, मी तिला सरळ नको म्हटलं. कमी चालवणाऱ्याने पैशासाठी ही गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि चाळीस हजारसुद्धा न चाललेली धडधाकट जुनी गाडी फक्त इलेक्ट्रिक हवी म्हणून काढून टाकू नये हेही.

त्या रविवारी मात्र पैशाच्या शेजारी दुसरा रकाना काढला. हवेचा. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज तयार होताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पंधरा युनिटला साडेदहा किलो, वाटेतली गळती धरली तर बाराच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जळालं की २.३ किलो, शंभर किलोमीटरला सात लिटर, सोळा किलोच्या वर, आणि ते पेट्रोल जमिनीतून काढून रिफायनरीतून पंपापर्यंत येताना जे जळतं ते धरून एकोणीस-वीस. म्हणजे कोळशाची वीज भरूनही शंभर किलोमीटरमागे सात-आठ किलोचा फरक पडतो. हे बघून मला खरंच हायसं वाटलं, अगदी वही मिटून चहा करायला उठावं इतकं. पण बॅटरी राहिली होती. बॅटरी बनवतानाच दर युनिट क्षमतेमागे साठ ते शंभर किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. आमची चाळीस युनिटची, तीन टन धरू. तीन टन फेडायचे सात-सात किलोने. चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर लागतात. माझ्या गाडीचं रीडिंग त्या दिवशी २४ हजार आणि काहीतरी होतं. बँकेचा हप्ता माझ्या खात्यातून महिन्याच्या पाच तारखेला जातो. हे दुसरं कर्ज कुणाच्या खात्यातून जातंय?

मग मी तो हिशोब केला जो केल्यावाचून राहवेना. फुल चार्जला भिंतीतून ४५ युनिट लागतात, वाटेतली गळती धरून वीज केंद्रापाशी बावन्न-त्रेपन्न. एका युनिटला ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा. सगळी वीज कोळशाचीच धरली तर एका फुल चार्जला पस्तीस किलो कोळसा, म्हणजे दोन घमेली भरून. आपल्या कोळशात राख साधारण तिसरा हिस्सा असते, बऱ्याचदा जास्तच. म्हणजे बारा किलो तरी राख. आईची ती तार पुसायची बादली आहे ना, निळी, कड तुटलेली, ती जवळजवळ भरेल. मी कल्याणला रात्री प्लग लावून झोपते आणि सकाळी उठते तोवर तिकडे एक बादली राखड तयार झालेली असते. ती सगळी हवेत जात नाही हे मला माहितीये, बाबांनीच समजावलं होतं की चिमणीच्या आधी मोठ्या पत्र्यांना विजेचा भार देऊन राख त्यांना चिकटवतात आणि मग ठोकून खाली पाडतात, बहुतेक सगळी तिथेच अडते, नंतर सिमेंटला जाते, विटांना जाते, उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात. आणि आईच्या तारेवर जे बसतं ते सगळं राखडच आहे असंही नाही. आजूबाजूला उघड्या खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, रस्त्याची धूळ आहे, हिवाळ्यात शेकोट्या. फडक्यावरच्या रेघेला कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली त्यात चंद्रपूर चौथं होतं, गुण ८३.८८. बाबांनी पेपरमधली ती बातमी वाचली, चष्मा काढला, आणि पेपर घडी घालून उशीखाली ठेवला. काहीच बोलले नाहीत. माझी फी, माझं लग्न, हे घर, अंगणातली ती तारसुद्धा त्याच कोळशातून आली होती आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून मला सरळ रागही धरता येत नाही.

आणि दुसरी बाजू माझ्या नाकासमोर आहे. शीळफाट्याला संध्याकाळी सातला जो अडकलाय त्याला मी काय सांगतेय ते कळेल. ट्रक, टँकर, रिक्षा, बस, सगळे इंजिन चालू ठेवून इंच इंच सरकतात, काच खाली केली की घशात डिझेलची चव येते. मधल्या दुभाजकावर मोगऱ्याचे गजरे विकणारी एक मुलगी असते, नऊ-दहा वर्षांची, ती गाड्यांच्या मागच्या नळ्यांच्या उंचीची आहे. अगदी बरोबर तेवढ्या उंचीची. माझी गाडी तिथे उभी असते तेव्हा गप्प असते, मागून काही निघत नाही, ती मुलगी माझ्या गाडीच्या मागे येऊन सुट्टे मोजत उभी राहते आणि मला दर वेळी वाटतं की तेवढी दोन मिनिटं तरी. पेट्रोलच्या धुराची बादली भरून दाखवता येत नाही. तो कुणा एकाच्या तारेवर बसत नाही, तो थोडा थोडा सगळ्यांच्या छातीत जातो, म्हणून त्याचा हिशोब कुणी मागत नाही. आपल्या गाडीचा धूर शहरातून उचलून आपण लांब नेला, तिथे चिमणी उंच आहे, राख अडवायची सोय आहे, आणि एकाच ठिकाणी असल्यामुळे उद्या ती बदलताही येईल. हे सगळं पटतं मला. तरी तो लांब नेला म्हणजे कुणाच्या तरी दारात नेला, आणि ज्यांच्या दारात नेला त्यांच्या गल्लीत इलेक्ट्रिक गाडी एखादीच आहे. आईच्या गल्लीत त्या चार दिवसांत आमचीच होती. पोरं जमली होती बघायला.

लिथियमबद्दलही वाचलं मी नंतर. आमच्या गाडीत लोह-फॉस्फेटवाली बॅटरी आहे, तिच्यात कोबाल्ट नाही, तेवढं एक बरं. पण लिथियम आहेच. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मैलोगणती खाचरांत पसरतात आणि उन्हाने आटवतात, आपल्या मिठागरांसारखं. फोटोत निळी हिरवी पिवळी खाचरं फार सुंदर दिसतात. आधीच पाण्याचा दुष्काळ असलेल्या मुलखात. तिथेही कुणाचं अंगण असणार, तिथली बाई रोज सकाळी काय पुसत असेल देव जाणे. जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी २०२२च्या नियमांनी कंपन्यांवर टाकलीय, आमची बॅटरी म्हातारी होईल तेव्हा बघू किती पाळली जाते.

मग गाडी घेतली ते चुकलं का? नाही. हे मी आता न अडखळता सांगू शकते. हजार किलोमीटर महिन्याला चालवणाऱ्या माणसाला, दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तर, कोळशाच्या विजेवरसुद्धा ही बरी. पण शोरूममध्ये चावी घेताना मागे हिरवी पानं काढलेला बोर्ड होता आणि त्यापुढे आम्ही फोटो काढला, तो फोटो मी घरातल्या ग्रुपवर टाकला होता 'धुरापासून सुटका' असं लिहून. आईने त्याखाली हात जोडलेले तीन इमोजी टाकले होते. तो फोटो मी परवा शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसले.

दोन गोष्टी बदलल्या. रात्रीचं चार्जिंग जमेल तितकं बंद केलं. मी आणि नवरा दोघंही कामाला लोकलनेच जातो, मग गाडी रविवारी दुपारी बाराला प्लगला लावते, ग्रिडमध्ये सोलर असतं त्या वेळेला, आणि आठवडा त्यावर निघतो. याने आईच्या तारेवरचा थर किती कमी होईल हे मोजायला गेलं तर कशातच नाही, पण रात्रीचं ते बादलीचं चित्र डोळ्यासमोरून गेलं आणि झोप लागते. दुसरं म्हणजे आईच्या स्लॅबवर सोलर बसवायचं घाटतंय, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी आहे केंद्राची. भावाने चौकशी केली तर बसवणारा म्हणाला, चंद्रपुरात पॅनल जरा जास्त वेळा पुसावे लागतील.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली पुसीन ना, त्यात काय. मग मी तिला ते बादलीचं पण सांगितलं, सांगू की नको करत करत. ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं वाईट वाटलं असेल. ती मनात काहीतरी मोजत होती. "मंग पेट्रोलवालीची किती?" तिने विचारलं. मी म्हटलं, ती बादलीत नाही मोजता येत आई. "तेच तं," ती म्हणाली, आणि विषय बदलून विचारलं की फडकं वापरते का नाही.

फडकं म्हणजे, निघताना तिने डिकीत चकल्यांच्या डब्याशेजारी एक फडकं घडी करून ठेवलं होतं, तिच्या जुन्या सुती पातळाचं, जांभळ्या काठाचं. वाटेत काच पुसायला. वर्ध्यापर्यंत मी ते दोनदा वापरलं. आता ते डिकीत वाळून कडक झालंय, मधोमध करडा पट्टा आहे, तार धरताना मूठ जिथे पडते बरोबर तिथे. मागच्या रविवारी गाडी प्लगला लावून मी ते धुवायला वर आणलं, नळाखाली धरलं, आणि मग नळ न सोडताच गॅलरीतल्या दोरीवर तसंच टाकून ठेवलं.